वीत, हात आणि दार

ती जाहिरात मी जोडली होती. रफिकने नव्हे. हे एवढेसे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली, यातच माझ्याविषयी सांगण्यासारखे बरेचसे येऊन जाते.

सोलापुरात त्या काळी ज्यांच्या घरात, दुकानात, रिक्षात रेडिओ लागत असे, त्यांना ती आठवेल. एक नवरा ऐकणाऱ्याच्या अगदी कानाशी येऊन कुजबुजतो, ‘हिला म्हणालो, जरा शेंगदाण्याची चटणी कुटून देतेस का...’ आणि आतल्या कुठल्याशा दारातून एक बाई कडाडते, ‘चटणी पायजे का तुला? नाय करत मी, जा! तूच कुट तुझा चटणी!’ मग नवरा पुन्हा कानाशी, ‘म्हणून तयार घेऊन आलो.’ शहर हसले. पानटपरीवर हसले, लग्नाच्या पंगतीत हसले. कुजबुजणारा नवरा मी होतो. दारातली बाई कमलाक्का होती, आणि ती विनोद करत नव्हती.

कमलाक्का शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका शाळेत मराठी शिकवीत. घरात तेलुगू, शेजारात दखनी आणि वर्गात अशी मराठी की व्याकरणाच्या पुस्तकाने उठून उभे राहावे. त्यांची आई विड्या वळायची. आईला मराठी बोलावेच लागे, कारखान्यात, बाजारात, दवाखान्यात. आणि ती बोलली की समोरचा आधी हसे, मग ऐके. ‘माझा पोरगी’, ‘तुझा भाकरी’. अक्का लहानपणी आईचा पदर धरून हे हसू ऐकत उभ्या असत. ‘त्या हसण्यावर मी मराठी शिकले,’ असे त्या एकदाच म्हणाल्या, आणि लगेच माझ्या हातातला कागद ओढून घेऊन त्यातला अनुस्वार दुरुस्त केला.

आमच्या रेडिओ केंद्रावर त्या सुट्टीच्या दिवशी जाहिरातींना आवाज द्यायला येत. तिथे मी जाहिराती लिहीत असे आणि नवऱ्यांचे आवाज देत असे. माझा आवाज जन्मतः मऊ. अक्कांनी पहिल्याच दिवशी माझे नाव ‘कापूस’ ठेवले. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक जुने गोदाम होते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर चादरी लावल्या होत्या, मोर आणि कमळे असलेल्या, आपल्याच गावच्या. अक्का येत, चपला बाहेर काढत, हातातल्या बांगड्या उतरवून रुमालात बांधत, आणि त्यानंतर कोणी अनावश्यक बोलले की भडकत. ‘छान झालं’ म्हटलेलेही त्यांना खपत नसे. ‘छान म्हणजे काय? भात छान, साडी छान, मी पण छान? काय झालं ते सांग!’

पहिल्या जाहिरातीच्या वेळी मी माइकला ओठ टेकवून उभा होतो. अक्का तरातरा आल्या.

‘ए कापसा, माइक तुझी मावशी आहे का? किती अंगचटीला जातोस!’

त्यांनी आपला पंजा ताणला, अंगठा माइकच्या जाळीला आणि करंगळी माझ्या ओठाला लावली. ‘ही वीत. इथून बोललास की तू ऐकणाऱ्याच्या उशीवर. इथून फक्त गुपित सांगायचं.’ मग मला खांद्याला धरून मागे ढकलले. ‘हा हात. इथून चारचौघांतलं बोलणं.’ आणि स्वतः चालत दारापाशी गेल्या, माझ्याकडे पाठ केली, चादरीवरच्या मोराकडे तोंड केले आणि ओरडल्या, ‘अहो, ऐकलं का?’ रफिक, आमचा रेकॉर्डिंग करणारा, काचेपलीकडे यंत्रावर बसला होता. हेडफोनवर हात ठेवून तो हसता हसता वाकला. त्या खोलीत क्षणभर एक घर उभे राहिले होते. स्वयंपाकघर, मधली खोली, कोचावर लपलेला नवरा. सगळे केवळ अंतरातून.

‘वीत, हात आणि दार,’ परत येत त्या म्हणाल्या. ‘एवढं कळलं की हसवता येतं. विनोदी आवाज काढायची काही गरज नाही. विनोदी आवाज काढणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करते.’

अक्कांचा राग हा आमच्या कामाचा भाग होता. एका गादीवाल्याने हट्ट धरला की दुकानाचे नाव बायकोच्या तोंडी, म्हणजे दारातून यावे, आणि खणखणीत यावे.

‘दारातनं नाव ऐकू येणार नाही,’ अक्का म्हणाल्या.

‘मग मॅडम, तुमी जरा जवळ या की.’

‘मी जवळ आले तर हा बिचारा नवरा लपून कुजबुजणार कुणापासून? तुमच्या गादीपासून?’

गादीवाला ऐकेना. अक्कांनी त्याला हवे तसे बोलून दाखवले, दारातून, पूर्ण नाव, पत्ता, मंगळवारी बंद. ऐकताना त्यातले ‘मंगळवारी बंद’ एवढेच कळत होते. गादीवाला डोके खाजवत राहिला आणि अक्का म्हणाल्या, ‘लांबच्या माणसाला शब्द कमी द्यावेत, शेट. लांबून कोणी पत्ता सांगत नाही. लांबून माणूस फक्त आपला स्वभाव सांगतो.’

त्याच दिवशी, बांगड्या पुन्हा चढवताना, त्यांनी मला ते वाक्य सांगितले जे पुढे मी त्यांच्याच विरुद्ध वापरले. ‘एक लक्षात ठेव. राग वीतभरावरून ऐकला की माणूस घाबरतो. तोच राग दारातून ऐकला की हसतो. राग बदललेला नसतो. आणि ऐकणारा नेहमी जवळच्या माणसाच्या बाजूचा असतो. म्हणून कुणाला दारात उभं करतोस, याचा विचार करत जा.’

मी विचार केला नाही.

चटणीचे मालक माढ्याकडचे, मोकळ्या मनाचे गृहस्थ. त्यांना मी लिहिलेली जाहिरात आवडली होती. फक्त एक सूचना होती. ‘ती बाई आपली साधीच बोलतीया. तिला तिकडली बोली द्या की, पूर्व भागातली. माझा-तुझा करत्यात बगा, तशी. लोकं लई हसतील.’ मला नाही म्हणता आले असते. पण मऊ आवाजाच्या माणसाची एक सोय असते. त्याचा होकार सौजन्यासारखा दिसतो. मी रात्रीतून संवाद बदलले. अक्कांच्या आईची भाषा मी अक्कांच्याच तोंडी लिहिली, आणि ती कोणाची भाषा आहे हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी माझे कुजबुजणे आधी रेकॉर्ड झाले. मग अक्का माइकजवळ आल्या आणि कागद वाचू लागल्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. तो लाल झाला नाही. तो आधी लहान झाला, पदर धरून उभ्या असलेल्या मुलीइतका.

‘हे कोणी लिहिलं?’

‘मालकांची इच्छा होती, अक्का. गमतीत घ्या. थोडी स्थानिक चव...’

‘चव?’

त्यांनी कागद माइकवर ठेवला, रुमालातल्या बांगड्या उचलल्या आणि दाराकडे चालू लागल्या. दारात पोहोचून वळल्या. आणि वर्षानुवर्षे त्यांनी जी मराठी घासून पुसून लखलखीत केली होती, ती त्या क्षणी त्यांना सोडून गेली. संतापाने त्यांना थेट आईपाशी नेऊन उभे केले.

‘माझा आईचा बोलणं कुटून चटणी पायजे का तुला? नाय करत मी, जा! तूच कुट तुझा चटणी!’

दार आपटले. भिंतीवरच्या चादरी हलल्या. काचेपलीकडे रफिकच्या यंत्रावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता. माझ्या कानांवर हेडफोन होता. आणि आता जे लिहितो आहे ते मी कित्येक वर्षे कोणालाही सांगितले नव्हते: मला हसू आले. अंतर इतके अचूक होते, दार इतक्या नेमक्या क्षणी आपटले होते, की अक्कांनीच तयार केलेला माझा कान त्या रागाला विनोद म्हणून मोकळा झाला. एका बाईचे काळीज फाटलेले मी ऐकले आणि मनात म्हटले, वा.

रफिक त्याच आठवड्यात नोकरीसाठी पुण्याला निघाला होता. जाण्याआधी दाराशी थांबून तो म्हणाला, ‘भाई, वो अक्का का पुसून टाकना. सुनेंगे तो बुरा लगेगा उनको.’ मी मान डोलावली. तो गेल्यावर यंत्रासमोर बसून मी ‘माझा आईचा बोलणं कुटून’ एवढे शब्द कापले. बस, तेवढेच. उरलेले जसेच्या तसे माझ्या कुजबुजीला जोडले. आई निघून गेली आणि चटणी राहिली.

जाहिरात वाजली त्या सकाळी अक्कांचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. ‘हे कोणी केलं, कापसा?’

मी म्हणालो, ‘रफिकने जाण्यापूर्वी सगळे जोडून ठेवले होते, अक्का. मी ऐकलेच नाही. आता मालकांनी रेडिओवरची पुढची वेळ विकत घेऊन ठेवली आहे...’

मग त्या म्हणाल्या, ‘रफिक? तम्मी म्हणायचे मी त्याला.’ तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. फोन ठेवला गेला. मला वाटले, सुटलो. रफिक दूर आहे, त्याला काय फरक पडतो? अंतराचा असा हिशेब मी फार सफाईने करू लागलो होतो.

पुढे जे झाले त्याबद्दल मला शहराचा राग येतो, आणि तो राग शहरावर काढण्याचा मला काडीचा अधिकार नाही, याचाही राग येतो. अक्का वर्गात रागावल्या की मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटे, ‘तूच कुट तुझा चटणी,’ आणि सगळा वर्ग खाली मान घालून फुसफुसत असे. ज्या शिक्षिकेच्या नुसत्या पाहण्याने शाळेची घंटा वेळेवर वाजत असे, तिचा राग पोरांच्या हाती खुळखुळ्यासारखा आला. भाजीवाली भाव सांगताना तेच म्हणे. त्यांच्या धाकट्या जावेने हळदीकुंकवात तेच म्हणून दाखवले.

एकदा अक्कांनी मला सोबत बोलावले. शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी गटार फुटले होते, मुले आजारी पडत होती, आणि अर्ज देऊन काही हलत नव्हते. ‘तू रेडिओचा माणूस आहेस, नुसता शेजारी बस,’ त्या म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तो मीच खोटे बोलून टिकवला होता.

महापालिकेच्या कार्यालयातले साहेब आदराने उठले. ‘या, बसा की बाई.’ अक्कांनी आधी शांतपणे सांगितले. साहेबांनी आधी टोलवले, बघतो, करतो, माणसे नाहीत. मग अक्कांचा आवाज चढला.

‘लेकरं जुलाबानं झोपलीत, आणि तुम्ही बघतो म्हणता? कधी बघणार? कुणी गेल्यावर?’

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरले. ते दडवावे असेही त्यांना वाटले नाही. ‘अहो, तुमीच का त्या! मघापासनं म्हणतोय आवाज कुटं ऐकलाय. रागावू नका बाई, काम करून टाकू. पण एकदा ते म्हणा की, तूच कुट म्हणून. आमच्या घरात लई आवडतंय.’

शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या वळवून वाट पाहत बसले.

अक्का माझ्याकडे वळल्या. कशासाठी, हे मला तेव्हाही कळले होते. मी बोलावे म्हणून. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिलो. त्या उठल्या, पर्स उचलली आणि बाहेर पडल्या. पायऱ्यांवर त्या एवढेच म्हणाल्या, ‘माझ्याकडे एक राग होता रे, कापसा. गरिबाच्या घरात एक चांगलं भांडं असतं ना, तसा. तोही गेला.’

त्यानंतर त्या कोणावर ओरडल्याचे कोणी ऐकले नाही. वर्गात हळू बोलत. पोरे म्हणत, बाई आता चांगल्या झाल्या. रेडिओ केंद्रावर त्या पुन्हा आल्या नाहीत. आम्ही दारातली बाई म्हणून नवीन मुली आणल्या. त्या विनोदी आवाज काढत.

आणि रफिक. तो एका ईदेला पुण्याहून आला, शिरखुर्म्याचा डबा घेऊन थेट अक्कांच्या घरी गेला, नेहमीसारखा. तासाभराने डबा तसाच हातात घेऊन माझ्याकडे आला.

‘भाई, अक्का ने मेरेकु देखके दरवाजा लगा ली. एक लफ्ज नै बोली. मैं ने क्या करा?’

त्या वेळी सांगता आले असते. खोलीत आम्ही दोघेच होतो, वीतभर अंतर होते. मी म्हणालो, ‘हल्ली त्यांची तब्येत बरी नसते.’ रफिकने डबा माझ्या टेबलावर ठेवला. ‘तुम खा लो फिर,’ म्हणाला. तो शिरखुर्मा मी खाल्ला नाही. त्याने माझी काही थोरवी सिद्ध होत नाही. तो मी फेकून दिला.

गेल्या महिन्यात चटणीवाल्यांचा मुलगा माझ्याकडे आला. आता धंदा तो पाहतो. हुशार, नम्र मुलगा. त्याला ती जुनी जाहिरात पुन्हा आणायची आहे, मोबाइलवर, चित्रासह. आणि त्या बाईंच्या आवाजातली नवी वाक्ये हल्ली संगणकावर बनवता येतात म्हणे. ‘काका, त्या वेळी बाईंची परवानगी घेतलीच असेल ना?’

‘नाही,’ मी म्हणालो.

त्याला वाटले, कागद हरवला असेल. ‘मग आता घेऊ की.’

‘तो आवाज त्यांनी दिलेला नाही. मी चोरला आहे. तू तो वापरणार असशील, तर ही गोष्ट मी चारचौघांत सांगेन.’ माझा आवाज त्या खोलीत मला अनोळखी वाटला. मुलगा चहा अर्धा ठेवून गेला. आणि माझ्या ध्यानात आले की हे वाक्य मी चुकीच्या माणसाला सांगून बसलो आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पूर्व भागात गेलो. अक्कांच्या गल्लीत अजून दोनचार घरी माग चालतात. खटखट चालू होती. अक्का पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या. केस पांढरे, हातात बांगड्या नाहीत, समोर शुद्धलेखनाची पाटी घेऊन बसलेला कोणाचा तरी नातू. मला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

‘कापूस? अरे, म्हातारा झालास की!’

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. वाक्य घरून घडवून आणले होते, चांगले लांब, तोलून मापून, ‘काही वर्षांपूर्वी आपल्या बाबतीत माझ्याकडून जे अनुचित...’ मागांच्या खटखटीत ते अर्धे बुडाले. अक्कांनी हात वर केला.

‘दारातून काय बोलतोस? दारातून बोललेलं मला आता ऐकू येत नाही. आणि आलं तर हसू येईल. जवळ ये.’

मी आत गेलो आणि खुर्ची ओढू लागलो. ‘खुर्ची नको. इथे.’ मी त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी पंजा ताणला. अंगठा आपल्या कानाला लावला, करंगळी माझ्या ओठाला.

‘हं. बोल.’

घडवलेले वाक्य कुठे गेले कोण जाणे. ‘रफिकने काही केले नव्हते, अक्का,’ मी म्हणालो. ‘तो मला पुसून टाक म्हणाला होता. मी त्याचे नाव खोटे घेतले.’

हात खाली आला नाही, पण त्यांची मान वळली, आणि त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. मग ते शब्द आले. आता मध्ये दार नव्हते, चादरी नव्हत्या, काच नव्हती.

‘माझा तम्मी होता रे तो! डबा घेऊन आला, माझा दार लावला मी त्याच्या तोंडावर! माझा हातानं लावला!’

मागांची खटखट मला ऐकू येईनाशी झाली. पाटी टाकून लेकरू आत पळाले. तोच राग होता, तीच भाषा होती, ज्यावर एका शहराने पोट धरधरून हसून घेतले होते, आणि वीतभर अंतरावरून त्यात हसण्यासारखे काहीही नव्हते. मी घाबरलो. मागे सरकावेसे वाटले. सरकलो नाही.

‘अक्का,’ मी म्हणालो, ‘तुम्ही त्या दिवशी दारातून जे बोललात त्यातून तुमची आई मी कापली. उरलेले मी लोकांना हसायला दिले. ऐकताना पहिला मी हसलो. कार्यालयात तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, तेव्हा मी काचेकडे पाहिले. हे सगळे मी केले, दुसऱ्या कोणी नाही. रफिकला मी आजच फोन करून हेच सांगेन. मला क्षमा करा.’